छत कोसळल्यावरचा अध्यक्ष

अमेरिकेच्या पडद्यावर गोरा माणूस अध्यक्ष होतो तो निवडून येऊन. काळ्याला व्हायचं असलं तर आधी कुठलं तरी छत कोसळावं लागतं, नाहीतर दोन विमानं एकमेकांवर आदळावी लागतात, नाहीतर सगळंच स्वप्न असावं लागतं. हे मी गमतीनं लिहीत नाही. पिक्चरची नावं आणि सालं देतो. तुम्हीच बघा.

आमच्या रिंग फ्रेम खात्यातला एक दोस्त म्हणाला, खोट्या अध्यक्षांचा कसला आलाय इतिहास? खऱ्यांचाच कोण वाचतं! मी म्हणालो, बाबा, जी खुर्ची अजून आपल्या बुडाखाली आली नाही ती आधी पडद्यावर मांडली जाते. तिथं कुणाला बसवून बघतात, किती रीळं बसू देतात, कसं उठवतात, हे नीट पाह्यलं की त्या समाजाच्या पोटातलं बाहेर येतं. भाषणात माणूस जपून बोलतो. पिक्चरमध्ये बरळतो.

तर सुरुवात १९३३ पासून. मंदीचं साल. अमेरिकेत दर चार कामगारांमागं एक बेकार. रूझवेल्ट मार्चमध्ये अध्यक्ष झाला आणि त्याच महिन्याच्या शेवटाला 'गॅब्रिएल ओव्हर द व्हाइट हाऊस' नावाचा पिक्चर आला. वृत्तपत्रांचा मोठा मालक हर्स्ट, त्याच्या कंपनीचा. त्यात वॉल्टर ह्यूस्टन हा जडसन हॅमंड नावाचा अध्यक्ष. आधी नुसता पक्षाचा बाहुला. मग मोटारीचा अपघात होतो आणि त्याच्या अंगात देवदूत संचारतो. शुद्धीवर आल्यावर हा काँग्रेस घरी पाठवतो, लष्करी कायदा पुकारतो, बेकारांची फौज उभारून त्यांना काम देतो, गुंडांना लष्करी कोर्टापुढं उभं करून गोळ्या घालतो. बेकारांच्या मोर्च्याचा भाग बघताना माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण ज्या कामगारांना काम मिळतं त्यांना कुणी काही विचारत नाही. देवदूत येतो तो मालकाच्या ओळखीचा. हुकूमशाहीला त्यांनी पंख लावले आणि पब्लिकनं टाळ्या वाजवल्या.

त्याच १९३३ साली दुसरा एक पिक्चर आला, छोटा, वीसेक मिनिटांचा. 'रूफस जोन्स फॉर प्रेसिडेंट'. यातला अध्यक्ष सात वर्षांचा काळा पोरगा. पोराचं नाव सॅमी डेव्हिस, धाकटा. आईचं काम एथेल वॉटर्स या मोठ्या गायिकेनं केलंय. रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन आई सांगते की या देशात कुणीही अध्यक्ष होऊ शकतं. डोळा लागतो. स्वप्नात पोरगं निवडून येतं. कसं? प्रत्येक मतामागं डुकराच्या मटणाचे दोन तुकडे, असे फलक घेऊन मिरवणूक निघते. मग काळ्यांची संसद भरते आणि तिथं कोंबड्यांचे, कलिंगडांचे, फाशांचे विनोद. शेवटी सगळं स्वप्नच.

हे बघताना मला आपल्या वस्त्या आठवल्या. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी शिकलेला माणूस हमखास म्हणतो, त्यांची मतं काय, एक बाटली आणि पावशेर मटण. बंगल्यातली मतं कशावर विकली गेली ते तो बोलत नाही. ते तुकडे लिहिणारा माणूस गोरा होता आणि हसणारं थिएटर त्याचं होतं. मात्र एक गोष्ट कबूल करायची. ते सात वर्षांचं पोर असं नाचतं, असं गातं, की ज्यांनी त्याची थट्टा करायला त्याला उभं केलं त्यांची थट्टा फिकी पडते. पाय त्याचे स्वतःचे होते.

पुढची गोष्ट पिक्चरमधली नाही. हाच सॅमी डेव्हिस मोठा कलावंत झाला. १९६० साली केनेडीच्या प्रचारात राबला. पण त्यानं मे ब्रिट या गोऱ्या नटीशी लग्न केलं होतं. दक्षिणेतली गोरी मतं बिथरतील म्हणून १९६१ च्या जानेवारीत केनेडीच्या शपथविधीला त्याला येऊ नका असं कळवलं गेलं. सातव्या वर्षी खोट्या खुर्चीवर बसवलेला माणूस पस्तिसाव्या वर्षी खऱ्या मांडवात नको झाला.

आता १९६४. हे साल मी वहीत लाल पेनानं लिहून ठेवलंय, एवढे अध्यक्ष एका साली निघाले. 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्ये पीटर सेलर्सचा मर्किन मफली, गुळमुळीत, फोनवर रशियाची समजूत काढणारा. 'फेल सेफ'मध्ये हेन्री फोंडा. चुकून मॉस्कोवर बाँब पडणार, तर बदल्यात स्वतःचं न्यूयॉर्क उडवायचा हुकूम देणारा. 'किसेस फॉर माय प्रेसिडेंट'मध्ये तर बाई अध्यक्ष झाली, पॉली बर्गन. पण शेवटी तिला दिवस जातात आणि ती राजीनामा देते. झालं! बाईला खुर्चीवरून उठवायला छत पाडायची गरज लागली नाही, पाळणा पुरला.

आणि त्याच साली अर्विंग वॉलेसची 'द मॅन' ही कादंबरी आली. तिचा नायक डग्लस डिलमन, काळा सिनेटर, अचानक अध्यक्ष होतो. कादंबरीत त्याच्यावर महाभियोग चालतो आणि तो सुटतो. ही कादंबरी आली तेव्हा अमेरिकेच्या सिनेटमध्ये एकही काळा माणूस नव्हता. गुलामगिरी गेल्यावर मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स १८७० मध्ये आणि ब्लँच ब्रूस १८७५ मध्ये गेले होते, ते तेवढेच. ब्रूसची मुदत १८८१ मध्ये संपली. मग ८६ वर्षं दार बंद. १९६७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा एडवर्ड ब्रूक आत गेला. म्हंजे वॉलेसला अध्यक्ष कल्पायच्या आधी सिनेटरही कल्पावा लागला.

१९७२ मध्ये या कादंबरीचा पिक्चर झाला. खरं तर टीव्हीसाठी बनवलेला, मग थिएटरात लावला. पटकथा रॉड सर्लिंगची, दिग्दर्शक जोसेफ सार्जंट, आणि डिलमन झालाय जेम्स अर्ल जोन्स. हा माणूस मिसिसिपीतल्या अर्काबुटला गावचा, लहानपणी तोतरा. वर्षानुवर्षं बोलायचाच नाही फारसा. पुढं त्याच्या आवाजावर जग फिदा झालं. त्याचा पडद्यावरचा पहिला रोल १९६४ च्या त्याच 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्ये. अध्यक्ष खाली टेबलाशी, आणि हा वर बाँबच्या विमानात, हुकुमाचा ताबेदार. विमानातून व्हाइट हाऊसच्या खुर्चीपर्यंत यायला त्याला आठ वर्षं लागली. २०२४ मध्ये तो वारला तेव्हा पेपरांनी डार्थ व्हेडरचा आवाज गेला असं छापलं. डिलमनची आठवण फार थोड्यांना.

हा पिक्चर मी रात्रपाळी करून आल्यावर तीनदा पाह्यला. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा डिक्शनरी घेऊन, तिसऱ्यांदा थांबवत थांबवत. आता गोष्ट ऐका. अमेरिकेचा अध्यक्ष आणि प्रतिनिधीगृहाचा सभापती जर्मनीत फ्रँकफर्टला एका इमारतीत असतात. ती कोसळते. दोघंही जातात. उपाध्यक्ष मरणाच्या दारात, तो म्हणतो मला झेपणार नाही. १९४७ च्या वारसा कायद्याप्रमाणं पुढचा नंबर सिनेटच्या हंगामी अध्यक्षाचा. तो डिलमन. त्याला कुणी निवडलेलं नाही, कुणी मागितलेलं नाही. एवढी मोठी लोकशाही, पण काळ्याला आणायला तिला मतपेटी सापडेना. ढिगारा सापडला.

बरं, आला. पुढं काय? परराष्ट्रमंत्री ईटन वाट बघतोय हा कधी घसरतो. दक्षिणेतला सिनेटर वॉटकिन्स दात खातोय. हे सगळं आपल्या ओळखीचं आहे, त्यावर मी शाई घालवत नाही. मला अडकवलं ते व्हीलर नावाच्या पोरानं. हा काळा विद्यार्थी. दक्षिण आफ्रिकेच्या संरक्षणमंत्र्यावर हल्ला केल्याचा त्याच्यावर आळ. वर्णद्वेषी सरकार म्हणतंय, तो आमच्या ताब्यात द्या. व्हीलर म्हणतो, मी तिथं नव्हतोच. डिलमन त्याच्यावर विश्वास ठेवतो. मग पुरावा निघतो की पोरगा खोटं बोलला, तो तिथंच होता. आणि अमेरिकेचा पहिला काळा अध्यक्ष त्या पोराला प्रिटोरियाच्या हवाली करायचं ठरवतो. कायदा म्हंजे कायदा.

थांबा जरा. हा पुरावा कुणी आणला? पटकथेनं आणला. अध्यक्षापुढं पहिली मोठी फाइल कुठली ठेवायची हे सर्लिंगच्या हातात होतं. घरांची ठेवता आली असती. मजुरीची, शाळेची ठेवता आली असती. ठेवली ती आपल्याच पोराला फासाकडं धाडायची. आणि पोरगा निर्दोष असता तर डिलमनला बाजू घेता आली असती, म्हणून त्याला खरोखरच दोषी केला. गोऱ्या थिएटराला खात्री पटवायची होती की घाबरू नका, हा आमच्यातला आहे. खुर्चीच्या लायक असल्याचं सर्टिफिकेट त्याला स्वतःच्या माणसाच्या अंगावर सही करून मिळवावं लागलं. गोऱ्या अध्यक्षाकडं असलं सर्टिफिकेट कुणी मागत नाही. हेन्री फोंडाला न्यूयॉर्क जाळूनही मागितलं नाही.

हे मी लांबून बोलत नाही. एका गिरणीत आमच्या वस्तीतला एक जण पहिल्यांदा सुपरवायझर झाला. आम्ही पेढे वाटले. त्याच्या हातून निघालेले पहिले तीन मेमो तिन्ही आमच्याच पोरांना. एकाला पाच मिनिटं उशिरासाठी, एकाला डॉफिंगच्या वेळी बसला म्हणून, तिसऱ्याचं कारण मला आजही कळलेलं नाही. रात्री तो घरी आला, जेवला नाही. म्हणाला, "वरचे बघतात रं. पहिल्या महिन्यात तुमची बाजू घेतली आसती तर दुसऱ्या महिन्यात मीच नसतो." मी त्याला शिव्याही दिल्या नाहीत आणि शाबासकीही. डिलमनच्या शेवटच्या रिळात जेम्स अर्ल जोन्सच्या चेहऱ्यावर तेच न जेवलेलं तोंड दिसलं. नट मोठा होता. पटकथेनं न लिहिलेलं त्यानं डोळ्यांनी लिहिलं. शेवटी डिलमन ठरवतो की आता स्वतः उमेदवारी लढवायची, आणि तिथं पिक्चर संपतो. मतदानापर्यंत जायची छाती नव्हती.

पिक्चर जुलै १९७२ मध्ये लागला. गंमत बघा, त्याच महिन्यात मायामी बीचला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं आणि ब्रुकलिनची शर्ली चिझम, काळी बाई, अध्यक्षपदाची उमेदवारी मागत होती. १९६८ मध्ये काँग्रेसमध्ये निवडून गेलेली पहिली काळी स्त्री. कुठलंही छत कोसळायची वाट न बघता ती गावोगाव मतं मागत फिरली. अधिवेशनात तिला १५२ प्रतिनिधींची मतं पडली. गोरे तर सोडाच, काळे पुढारीही तिच्यामागं पुरते उभे राह्यले नाहीत. पडद्यावरचा काळा मढ्यांवरून आत जात होता आणि खरी काळी बाई पायऱ्या मोजत चढत होती. पण पिक्चर निघाला तो डिलमनवर.

आणि त्याच १९७२ मध्ये इकडं मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली. नाव घेतलं ते १९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढलेल्या ब्लॅक पँथरवरून. नुसतं फॅशन म्हणून घेतलेलं नाही ते. बाबासाहेबांनी १९४६ मध्येच ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी युनोकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. तिकडचा काळा म्हंजे इकडचा कोण, हे गणित आपल्या लोकांनी केव्हाच सोडवून ठेवलंय. पुढं मला त्याची गरज लागणार आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो.

ह्यूई न्यूटनचं नाव पडद्यावरच्या अध्यक्षाच्या तोंडी आणलं ते रिचर्ड प्रायरनं. सप्टेंबर १९७७, एनबीसीवर त्याचा कार्यक्रम. त्यात तो चाळिसावा अध्यक्ष होतो आणि पत्रकार परिषद घेतो. सुरुवातीला गोड, सरकारी भाषेत. मग काळे पत्रकार प्रश्न विचारायला लागतात आणि साहेबाची जीभ हळूहळू मोकळी सुटते. एफबीआयच्या प्रमुखपदी ह्यूई न्यूटनचा विचार कराल का? का नाही करणार! काय हसलोय मी. ज्या खात्यानं पँथरच्या मागं कुत्री सोडली त्या खात्याचा साहेब पँथर! शेवटी मिसिसिपीचा एक गोरा पत्रकार विचारतो की तुमची मुदत संपल्यावर तुमची आई माझ्या घरी साफसफाईला येईल का. अध्यक्ष व्यासपीठावरून उडी मारतो आणि राडा सुरू. प्रायरला पाच-सहा मिनिटं मिळाली, पण डिलमनच्या दीड तासात जे नाही ते त्यात आहे. आईवर शिवी आल्यावर कायदा आठवत नाही. हा कार्यक्रम चारच भागांत आटोपला. आणि खरा चाळिसावा अध्यक्ष १९८१ मध्ये कोण झाला? रोनाल्ड रेगन. सिनेमातला नट.

मधली वर्षं मी पळवतो. १९९७ मध्ये 'द फिफ्थ एलिमेंट'मध्ये टॉमी लिस्टर हा पैलवान अध्यक्ष, पण तेविसाव्या शतकातला. पैलवान आणि तेही दोन-अडीचशे वर्षांनी, म्हंजे कुणाच्या पोटात दुखायला नको. याच १९९७ मध्ये २५ जुलैला इथं, खऱ्या देशात, के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले. केरळातल्या उळवूरच्या गरीब दलित घरातला माणूस, जवळपास ९५ टक्के मतं घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस त्यांनी फेरविचाराला परत पाठवली. रबरी शिक्का म्हणून बसवायचं आणि त्यानं वाचून सही करायची, हे दिल्लीला नवीन होतं. यावर पिक्चर लिहायला हॉलिवूडचा सर्लिंग कशाला लागतो?

१९९८ चा 'डीप इम्पॅक्ट'. मॉर्गन फ्रीमन हा टॉम बेक. इथं फरक पडला. त्याच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, तो अध्यक्ष आहे म्हंजे आहे. मात्र आकाशातून धूमकेतू येतोय. मिसूरीच्या गुहांत दहा लाख माणसं वाचवायची. त्यातली दोन लाख शास्त्रज्ञ-डॉक्टर अशी आधीच निवडलेली, आठ लाख सोडतीनं, आणि सोडतीत पन्नाशीच्या वरचे नकोत. फ्रीमन हे अशा आवाजात सांगतो की अन्याय सुद्धा आशीर्वाद वाटावा. मला ती दोन लाखांची यादी बघायची होती. कुठल्या वस्तीतले किती? पिक्चर दाखवत नाही. २००९ च्या '२०१२' नावाच्या पिक्चरमध्ये निदान सरळ सांगितलंय, जहाजावरची जागा शंभर कोटी युरोला. तिथला काळा अध्यक्ष डॅनी ग्लोव्हर जहाजावर चढत नाही, लोकांत राहतो आणि लाटेखाली जातो. चांगला माणूस. बुडालेला. एव्हाना खरा काळा अध्यक्ष, ओबामा, २० जानेवारी २००९ ला शपथ घेऊन बसला होता.

ओबामाच्या आधी, २००३ मध्ये, ख्रिस रॉकनं 'हेड ऑफ स्टेट' काढला. पक्षाचे दोन्ही उमेदवार विमानांच्या टकरीत मरतात. पुढारी ठरवतात की ही निवडणूक गेलीच आहे, तर एक काळा उभा करू. हरेल, पण २००८ ला काळ्यांची मतं आपल्याला. हरायच्या जागेवर आपला माणूस उभा करायचा धंदा आपण ग्रामपंचायतीपासून बघतोय, त्यामुळं समजावून सांगत बसत नाही. काळी बाई मात्र अजून बाहेरच. टीव्हीवर २०१४ मध्ये आल्फ्रे वूडार्ड अध्यक्ष झाली, ती मालिका एका हंगामात बंद. खऱ्या मैदानात २०२४ मध्ये कमला हॅरिस हरली.

आता '२४'. नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झालेली मालिका. डेनिस हेसबर्ट हा डेव्हिड पामर, आधी सिनेटर, उमेदवार, आणि दुसऱ्या हंगामात अध्यक्ष. निवडून आलेला, बाबांनो! ढिगारा नाही, स्वप्न नाही. दुसऱ्या हंगामात त्याच्यापुढं एक ध्वनिफीत येते, तिच्यावरून तीन अरबी देशांवर हल्ला करायचा. पामरला शंका येते, तो थांबवतो. तर त्याचंच मंत्रिमंडळ मत घेऊन त्याला खाली खेचतं. फीत बनावट निघते. हे टीव्हीवर चाललं होतं २००३ मध्ये, आणि त्याच साली मार्चमध्ये खरा अध्यक्ष नसलेल्या शस्त्रांच्या नावानं इराकमध्ये घुसला होता. खोट्या अध्यक्षानं खरं काम केलं. २००६ मध्ये त्याला मालिकेनं खिडकीतून आलेल्या गोळीनं मारलं. हेसबर्ट पुढं म्हणाला की पामरमुळं ओबामाची वाट थोडी सोपी झाली असावी. एका मालिकेनं वाट होत नाही, सेल्माच्या पुलावर डोकी फुटली तेव्हा ती झाली. पण आठवड्याला एक तास काळ्या माणसाला त्या टेबलामागं बघायची सवय लागली, एवढं मी मान्य करतो.

ही मालिका हिंदीत आली ऑक्टोबर २०१३ मध्ये. निर्माता आणि नायक अनिल कपूर. दिग्दर्शक अभिनय देव, आपल्या रमेश देव-सीमा देव यांचा मुलगा. कथा भारतातली करायची, म्हणून अध्यक्षाचा झाला पंतप्रधान. बरोबरच आहे. आता पामरच्या जागी कोण? ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या त्या दारातून हाकललं त्या घरातला पहिला माणूस, हे पामरचं सगळं वजन. त्याच्या जागी इथं आणला आदित्य सिंघानिया. सत्ताधारी घराण्याचा वारस. आईच्या पदराखालून थेट गादीवर.

आमच्या १९७२ च्या गणिताची गरज मला इथं लागते. लिहिणारे शिकलेले, जग बघितलेले. बाकी सगळ्याचं भाषांतर केलं, घड्याळाची टिकटिक सुद्धा. फक्त काळ्या माणसापाशी आल्यावर हात थबकला आणि राजपुत्र लिहिला गेला. त्याआधी एक दलित राष्ट्रपती होऊन मुदत पुरी करून गेला होता. उत्तर प्रदेशची मुख्यमंत्री मायावती चारदा झाली होती. म्हंजे वास्तव पुढं गेलेलं, आणि कल्पना वेशीतच. त्यांनी द्वेषानं केलं असं मी म्हणत नाही. त्यांना सुचलंच नाही. हे न सुचणं द्वेषापेक्षा जुनं आहे.

मी आता वस्तीच्या पोरांसाठी चौदा एप्रिलला करायला एक एकांकिका लिहायला घेतलीय. आपल्यातला माणूस पंतप्रधान. पहिला प्रवेश मतमोजणीचा, कुणी मरत नाही, काही कोसळत नाही, आकडे वाचले जातात आणि तो जिंकतो. तो प्रवेश एका रात्रीत झाला. दुसऱ्या प्रवेशात पडदा उघडतो, तो टेबलाशी बसलाय, शिपाई पहिली फाइल आणून ठेवतो. पंधरा दिवस झाले, मी तिथंच अडलोय. सुपरवायझर झालेल्या त्या दोस्ताला विचारलं, कुठली फाइल ठेवू? तो म्हणाला, आधी शिपाई कोण आहे ते लिही.